मातृवंशाची खूण आणि तिची मर्यादा

कावेरीतील वशिंड असलेला महसीर म्हणजे टॉर रेमादेवीआय ही जातीच होय, हे २०१८ साली बाह्यलक्षणे व आनुवंशिक पुरावा यांच्या आधारे सिद्ध झाले. रेण्वीय खुणांच्या पद्धतीचे हे निःसंशय यश आहे. तथापि एवढ्यावरून कोणत्याही एका खुणेकडे सर्व प्रश्नांची उत्तरे मागणे युक्त नव्हे. याच नदीत लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातील टॉर खुद्री जातीचे मासे अनेक वर्षे सोडले गेले. मूळ जातीचा त्यांच्याशी संकर झाला किंवा कसे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. तंतुकणिकेतील डीएनए संततीस सामान्यतः केवळ मातेकडून लाभतो. म्हणून संकरज मासाही या खुणेपुरता शुद्धच भासेल. पित्याचा वाटा कळावयाचा तर केंद्रकातील डीएनएच्या, उदाहरणार्थ मायक्रोसॅटेलाइट, खुणा तपासावयास हव्यात. अतिसंकटग्रस्त ठरलेल्या या जातीच्या कृत्रिम पैदाशीसाठी प्रजनक मासे केवळ मातृवंशावरून निवडल्यास संकरज संततीच शुद्ध म्हणून नदीत परत जाण्याचा धोका आहे. सबब, निवडलेली खूण काय सांगू शकत नाही, याचीही नोंद प्रत्येक शोधनिबंधात असणे अगत्याचे आहे.