पुनरुत्थान आणि उठणे : पास्काविधीच्या मराठीसंबंधी काही विचार

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विषय निघाला की आपल्या अभ्यासकांची दृष्टी बहुधा इ. स. १६१६ कडे वळते. त्या वर्षी गोव्यातील रायतूर येथे फादर टॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. त्या आवृत्तीची, तसेच पुढील १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. लंडनच्या मार्स्डेन संग्रहातील देवनागरी पोथी, १९०७ ची मंगळूरची रोमन लिपीतील आवृत्ती आणि १९५६ ची बंडेलूंची देवनागरी आवृत्ती यांवर आपला अभ्यास उभा आहे. हे सारे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पाठ असते, आणि ते असावयासच हवे. परंतु ज्या भाषाव्यवहारातून हे वाङ्मय निर्माण झाले तो व्यवहार संपलेला नाही. तो आजही दरवर्षी, विशेषतः पास्काच्या रात्री, मराठी बोलणाऱ्या लहानमोठ्या धर्मग्रामांत चालू असतो, आणि त्याकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात त्या रात्रीच्या भाषेतील एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. त्यास निमित्त बुलढाणा जिल्ह्यातील एका लहान धर्मग्रामात ऐकलेल्या एका वाक्याचे झाले.

बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा करण्यात आला. वसईप्रमाणे येथे चार शतकांची कॅथलिक वस्ती नाही. गावोगावी खुरीस उभे नाहीत, की पोर्तुगीज आडनावांची परंपरा नाही. वसईच्या ख्रिस्ती माणसाजवळ सामवेदी किंवा वाडवळी बोलीत मुरलेला एक धार्मिक शब्दसंग्रह वाडवडिलांपासून आलेला असतो. वऱ्हाडातील कॅथलिक कुटुंबाच्या वाट्यास उपासनेची मराठी आली ती मुख्यतः तयार स्वरूपात, छापील पुस्तकातून. 'धर्मग्राम', 'धर्मप्रांत', 'धर्मगुरू', 'स्नानसंस्कार', 'प्रायश्चित्तकाळ' हे शब्द पाहावेत. ते सुघटित आहेत, अर्थवाही आहेत. त्यांच्या घडणीमागील परिश्रमाबद्दल आदरच वाटतो. पण त्यांच्याशेजारी 'मिस्सा', 'पास्का', 'आलेलुया' हे परभाषेतून आलेले शब्द ठेवले, की एक गोष्ट ध्यानात येते. हे परके शब्द लोकांच्या तोंडी सहज रुळले आहेत. संस्कृतातून घडविलेले मात्र पुष्कळदा पुस्तकातच राहिले आहेत. देशी दिसणारा शब्द लोकांना जवळचा असतोच असे नाही.

पास्काच्या जागरविधीचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. शनिवारी रात्री मंदिरातील सर्व दिवे मालविले जातात. बाहेर अंगणात नवा अग्नी चेतवितात, त्यावर मोठी मेणबत्ती प्रज्वलित करतात, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातील लहान मेणबत्ती पेटत जाते. (ज्या जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेतील नारळांची होळी काही आठवड्यांपूर्वीच पेटून गेलेली असते, तेथे अग्नीचा अर्थ कोणास समजावून द्यावा लागत नाही.) त्यानंतर पास्काची घोषणा गाइली जाते, जुन्या करारातील वाचने होतात, शुभवर्तमान वाचले जाते, आणि मग उपस्थित समुदाय आपल्या स्नानसंस्काराच्या वचनांची पुन्हा उजळणी करतो. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. बाराव्या पायस यांनी १९५१ साली हा जागर रात्रीच्या वेळी पुन्हा सुरू केला तेव्हा उरलेला विधी लॅटिनमध्येच राहिला, परंतु वचनांची ही प्रश्नोत्तरे लोकभाषेत घेण्यास मुभा मिळाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेस व्यापक वाव दिला, त्याच्या एक तप आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे या रात्री लोकभाषा प्रथम शिरली ती जेथे लोकांना उत्तर द्यावे लागते तेथून.

आणि नेमक्या याच उत्तरापाशी मराठी व्याकरण आपले अस्तित्व दाखविते. लॅटिनमधील 'क्रेदो' हे प्रथमपुरुषी एकवचन स्त्रीपुरुषांना सारखेच चालते. मराठीत 'मी ठेवतो' आणि 'मी ठेवते' हे भिन्न आहेत. छापील पाठ पुरुषवाचक रूपात असला की पुरुष तो जसाच्या तसा म्हणतात, स्त्रिया आपले रूप त्यात घालतात, आणि तो-ते यांचा एक संमिश्र नाद मंदिरात उठतो. प्रस्तुत लेखकास तो दोष वाटला नाही. उलट, पुस्तकाची भाषा माणसांनी आपलीशी करून घेतल्याची ती एकच स्पष्ट खूण त्या रात्री ऐकू आली.

आता मुख्य शब्दाकडे वळू. त्या रात्रीच्या सर्व विधीचा गाभा 'पुनरुत्थान' या शब्दात साठविलेला आहे. वाचनांत, गीतांत, प्रवचनात तो वारंवार येतो. विधी आटोपल्यावर अंगणात उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईस प्रस्तुत लेखकाने, काहीशा मास्तरी खोडीने, आज काय झाले असे विचारले. तिने उत्तर दिले, "मेला व्हता, देवानं त्याले उठवलं." तिच्या तोंडी 'पुनरुत्थान' हा शब्द आला नाही. तो तिला ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. दोन तासांत तिने तो कितीतरी वेळा ऐकला होता. पण घडलेली गोष्ट सांगावयाची वेळ आली तेव्हा तिने तो वापरला नाही.

हे उत्तर भाबडे आहे असे समजण्याचे कारण नाही. मूळ ग्रीक शुभवर्तमानांकडे पाहिल्यास त्याचे मोल कळते. जागरविधीत वर्षाच्या क्रमानुसार मत्तय, मार्क किंवा लूक यांपैकी एकाचे वाचन होते, आणि तिन्ही ठिकाणी रिकाम्या थडग्यापाशी स्त्रियांना मिळणाऱ्या वार्तेत 'एगेर्थे' हे एकच क्रियापद आहे. ते एगेइरो या धातूचे कर्मणी रूप. या धातूचा नित्याचा अर्थ झोपेतून जागे करणे, उठविणे. पक्षाघाताने पडलेल्या माणसास 'उठ' म्हणून सांगितले जाते तेव्हा हाच धातू येतो. याइराच्या मेलेल्या मुलीस हाक मारली जाते तेव्हाही हाच. रोज्याचा, घरातला, पहाटेचा हा शब्द आहे. लॅटिन भाषांतरात त्याचे 'सुर्रेक्सित' झाले. शब्द तेथेही साधाच राहिला, परंतु प्रयोग कर्तरी झाला: तो उठला. मराठी भाषांतरकारांनी क्रियापद योजावयाचे तेव्हा 'उठला' असेच योजले, आणि नाम हवे तेव्हा 'पुनरुत्थान'. बाईच्या वऱ्हाडी वाक्यात मात्र उठविणारा देव आहे, उठविला गेलेला ख्रिस्त आहे, आणि क्रियापद प्रयोजक आहे. कर्मणी रूपात ग्रीकाने जे सूचित केले ते तिच्या वाक्यात उघड झाले आहे. तिने हे स्वतः शोधून काढले असे मात्र म्हणता येणार नाही. पास्काच्या रविवारी 'प्रेषितांची कृत्ये' मधून पेत्राचे जे भाषण वाचले जाते त्यात देवानेच त्याला तिसऱ्या दिवशी उठविले असे स्पष्ट विधान आहे, आणि त्यानंतरच्या पन्नास दिवसांच्या काळात त्याच ग्रंथातील वाचने चालू राहतात. वर्षानुवर्षे तिने ती ऐकली असतील. एवढे खरे की ऐकलेल्यांतून तिने काय उचलावे आणि काय सोडावे याचा निवाडा तिच्या बोलीने केला.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता 'पुनरुत्थान' आणि 'उठणे' एकाच घरचे आहेत. उत् + स्था या संस्कृत मुळापासून प्राकृतातील 'उट्ठ' आणि त्यापासून मराठी 'उठ' आला. 'उत्थान' हे त्याच मुळाचे तत्सम नाम. तेव्हा वाद तत्सम आणि तद्भव यांचा नाही. अडचण 'पुनः' या पूर्वपदाची आहे. ग्रीक 'अनास्तासिस' मधील उपसर्गाचा अर्थ प्रथमतः 'वर' असा होतो. 'पुन्हा' हा अर्थ ठळकपणे आणला तो लॅटिन 'रेसुर्रेक्सियो' ने. मराठी शब्द लॅटिनच्या मागून गेला. लॅटिनभाषकाला त्या 'पुन्हा' मुळे काही बाधा आली नसेल. मराठी श्रोत्याच्या कानी मात्र 'पुनः' हे पद पुनर्जन्म, पुनरागमन, पुनरपि या परिवारासह येते. जेथे हजारो वर्षे जन्ममरणाच्या फेऱ्याचा विचार भाषेत मुरला आहे, तेथे एकदाच घडलेल्या आणि पुन्हा न घडणाऱ्या घटनेस 'पुनः' ने आरंभ होणारे नाव देणे हे, नुसते भाषिक दृष्ट्या बोलावयाचे तर, धोक्याचे आहे. धर्मशिक्षणाने तो धोका टाळता येत असेल. शब्दाने टाळलेला नाही. शिवाय या नामामुळे आणखी एक नुकसान होते. पक्षाघाती मनुष्य, याइराची मुलगी आणि थडग्यातला ख्रिस्त यांना जोडणारी क्रियापदाची साखळी 'उठ' ने अखंड राहते, ती 'पुनरुत्थान' ने तुटते.

यावर असे म्हटले जाईल की सिद्धान्तास पारिभाषिक नाम हवेच. ते मान्य आहे. धर्मशास्त्राच्या वर्गात 'पुनरुत्थान' असावे. प्रश्न अंधारात मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या समुदायाच्या भाषेचा आहे. या प्रश्नाची जाणीव आपल्या पूर्वसूरींना होती. स्टीफन्स यांनी आपल्या पुराणाच्या भाषेविषयी लिहिताना सांगितले आहे की शुद्ध मराठी तेथील लोकांना सहज कळत नाही, म्हणून पूर्वकवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोकणीतील, सोपे शब्द आपण मिसळले. मराठीचा एवढा गौरव करणारा कवी ग्रंथात बोलीला जागा देतो, आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरण्यासही कचरत नाही. १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण तर उत्तर कोकणातील सामान्य लोकांच्या बोलीत आहे. काव्य म्हणून ते स्टीफन्सच्या जवळपासही येत नाही, आणि अभ्यासकांनी ते उपेक्षिले याचे आश्चर्य नाही. परंतु लोकांनी ते उपेक्षिले नाही. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापावे लागले. प्रॉटेस्टंट परंपरेत पंडिता रमाबाईंनी खेड्यातील बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरविण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. संस्कृतावर असामान्य अधिकार असलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुरता जाणूनबुजून टाळावी, यातच त्या निर्णयाचे वजन आहे.

वऱ्हाडीसंबंधी एक गंमतीची, पण विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. या सर्वेक्षणात बोलींच्या नमुन्यासाठी उधळ्या पुत्राचा दृष्टान्त निवडला होता, आणि त्यामुळे 'मले', 'तुले' म्हणणाऱ्या वऱ्हाडीत शुभवर्तमानाचा हा उतारा शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीच नोंदला गेला. मेलेला मुलगा जिवंत झाला, या पित्याच्या आनंदाने तो दृष्टान्त संपतो. आजच्या वाचनक्रमात तो दर तिसऱ्या वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे पास्काच्या उंबरठ्यावर, वाचला जातो. पण वाचला जातो तो प्रमाण मराठीत. सरकारी दप्तराने जे वऱ्हाडीत लिहून ठेवले ते उपासनेत वऱ्हाडीत कधी आले नाही.

वऱ्हाडीत गंभीर काही म्हटले तर लोक हसतील, ही शंका काही सुशिक्षित वऱ्हाडी ख्रिस्ती गृहस्थांनीच बोलून दाखविली. रंगमंचावर आणि कविसंमेलनांत या बोलीचा विनोदासाठी जो वापर झाला त्याचे हे फळ आहे. पण मलकापूरच्या शिवेपलीकडे, जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आल्यानंतर बोलीत गांभीर्य पेलत नाही असे म्हणण्यास आधार उरला नाही. 'वऱ्हाडी' तरी कोणती, हा आक्षेप अधिक खरा आहे. घाटाखालच्या तालुक्यांत 'डोया' आणि 'काया' म्हणतात, घाटावर देऊळगावराजा-सिंदखेडराजाकडे बोली मराठवाड्याच्या वळणाने जाते, आणि उत्तरेकडे खानदेशीचा स्पर्श होतो. एका जिल्ह्यासाठी तीन पाठ छापावेत असे कोणी सुचविणार नाही. प्रस्तुत लेखकही सुचवीत नाही. सुचवावयाचे आहे ते एवढेच की घोषणेत, प्रश्नोत्तरांत आणि गीतांत, म्हणजे जेथे समुदाय स्वतः बोलतो तेथे, क्रियापदाला नामापेक्षा अधिक जागा मिळावी. 'उठवलं' हे रूप घाटावर आणि घाटाखाली सारखेच समजते. आणि पुण्यासही समजते.

याच वऱ्हाडच्या भूमीत हा वाद पूर्वी एकदा होऊन गेला आहे. रिद्धपूरच्या महानुभाव मंडळींत नागदेवाचार्यांनी केशिराजांना आपल्या म्हाताऱ्या बाया संस्कृताने नाडल्या जातील असे सांगून ते नाकारल्याची हकीकत 'स्मृतिस्थळा'त आहे. अंगणातील त्या वृद्धेला ही हकीकत ठाऊक असण्याचे कारण नाही. हातातील विझलेली मेणबत्ती पदराच्या टोकात गुंडाळून, सकाळच्या मिस्सेला पुन्हा यावयाचे आहे म्हणून, ती सुनेला हाक मारीत घराकडे निघाली.