प्रेअरीवरचे घर आणि त्याखालची जमीन

अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतींवर मुलांसाठी लिहिलेली पुस्तके म्हटली, की पहिले नाव निघते लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे. १९३२ साली ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ आले आणि या प्रकाराची घडी बसली.

वाइल्डर यांचे खरे बळ कामाच्या वर्णनात आहे. डुक्कर कापल्यावर त्याच्या कोणत्या भागाचे काय होते, पोकळ खोडात मांसाला धुरी कशी देतात, मूत्राशय फुगवून त्याचा चेंडू कसा होतो, हे त्या सावकाश, काही न गाळता सांगतात. ‘द लाँग विंटर’मध्ये (१९४०) तर कथानक जवळजवळ नाहीच. १८८०-८१च्या हिमवादळांत आगगाड्या बंद पडतात, कोळसा संपतो. मग वाळल्या गवताला पीळ घालून त्याच्या कांड्या जाळायच्या, कॉफीच्या चक्कीत मूठमूठ गहू दळायचा. हात सुजतात, कापतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उपासमारीतला कंटाळा इतक्या नेमकेपणाने मुलांच्या दुसऱ्या पुस्तकात मी वाचलेला नाही.

‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ने (१९३५) मात्र मोठी गोष्ट झाकून ठेवली. कॅन्ससमधली ती जमीन ओसेज या मूलनिवासी लोकांसाठी राखून ठेवलेली होती. इंगल्स कुटुंबाने कसलाही हक्क नसताना तिथे घर बांधले. या लोकांना जावे लागणार का, त्यांना राग नाही येणार का, असे लॉरा विचारते. वडील तिला झोपायला सांगतात आणि पुस्तकही तिथेच गप्प होते. २०१८ साली अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पुरस्काराला असलेले वाइल्डर यांचे नाव काढले. मला तो निर्णय पटतो. पण म्हणून ही पुस्तके मुलांच्या हाती देऊच नयेत, हे अजिबात पटत नाही.

मराठी वाचकाला हा प्रदेश अनोळखी नाही. कॉनरॅड रिक्टर यांची ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ (१९५३) जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रानातील प्रकाश’ या नावाने मराठीत आणली. लेनापे लोकांत वाढलेल्या गोऱ्या मुलाला जन्मदात्यांकडे परत पाठवतात आणि अखेर दोन्ही घरे त्याला पारखी होतात. अमेरिकेतल्या शाळांतून ही कादंबरी वर्षानुवर्षे वाचली गेली.

लॉराच्या त्या प्रश्नाला पुरे पडणारे पुस्तक मात्र लुईस अर्ड्रिक यांचे, ‘द बर्चबार्क हाउस’ (१९९९). अर्ड्रिक स्वतः ओजिब्वे वंशाच्या. १८४७ साल, सुपीरियर सरोवरातले बेट आणि ओमाकायास नावाची मुलगी. तिला कातडे खरवडायचा मनस्वी कंटाळा. पण ते करावे लागते, मक्यावरचे कावळे हाकावे लागतात, मेपलचा रस आटवावा लागतो. हिवाळ्यात देवीची साथ येते आणि तिचा तान्हा भाऊ दगावतो. आपल्याला इथून हुसकतील, ही मोठ्यांची कुजबुज कामांच्या मधून ऐकू येत राहते. अर्ड्रिक त्यावर भाषण देत नाहीत.

नव्या पुस्तकांत हा संयम विरळा. लिंडा स्यू पार्क यांच्या ‘प्रेअरी लोटस’ची (२०२०) नायिका हॅना ही चिनी आई आणि गोऱ्या बापाची मुलगी. लहानपणी वाइल्डर आवडलेल्या लेखिकेने त्यांना दिलेले हे मनापासूनचे उत्तर आहे. पण वंशद्वेषाविषयी विचार करताना हॅना आजच्या मुलीसारखी बोलते. कापड बेतताना, शिवताना मात्र ती पुरती १८८० सालातली असते.