बातमी कुणाच्या तोंडची?

परदेशातील आंदोलनाची बातमी वाचताना मी आधी पाहतो, हे सांगतो आहे कोण? १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील काळे विद्यार्थी आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. गोळी लागलेल्या हेक्टर पीटरसनला उचलून नेतानाचे छायाचित्र सॅम एन्झिमा या काळ्या छायाचित्रकाराने टिपले. कारण तो तिथे होता. ते छापणारे 'द वर्ल्ड' सरकारने ऑक्टोबर १९७७ मध्ये बंद पाडले. साक्षीदाराचे मोल सत्तेला कळते. वार्ताहर मात्र वस्तीत न जाता पोलिसांना विचारतो. मग पोलिसांचे म्हणणे 'माहिती' ठरते, मार खाणाऱ्याचे 'आरोप'. याला तटस्थता कोण म्हणेल? शब्दांचीही वर्णव्यवस्था असते. गावकुसाबाहेरची आपण माणसे ती लगेच ओळखतो.