छागला कुणाचे?

आमच्या करावे गावाला लागून नाविक प्रशिक्षण देणारी जी संस्था आहे तिचे नाव टी. एस. चाणक्य. परराष्ट्र धोरणात कुणी नाव काढले की आपल्याकडे त्याला हीच एक पदवी बहाल होते. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी हेन्री किसिंजर शंभरी ओलांडून वारले, तेव्हा आमच्या बैठकीत एकाने त्यांना अमेरिकेचा चाणक्य म्हटले. दुसऱ्याने लगेच कंबोडियावरचे बॉम्ब आणि १९७१ चा बंगाल काढला. वाद चांगला रंगला होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "किसिंजरचा हिशेब अमेरिकावाले करतील. आपल्या छागलांचा हिशेब आपण कधी केला?" यावर बैठक गप्प झाली. त्या गप्प बसण्याचा विचार करताना आम्ही महंमदअली करीम छागला यांचे 'रोझेस इन डिसेंबर' हे १९७३ सालचे आत्मचरित्र पुन्हा काढून वाचले.

छागला मुंबईचे, जन्म १९०० चा, खोजा कुटुंबातला. वकिली जिनांच्या हाताखाली सुरू केली, मुस्लिम लीगचे कामही केले आणि १९२८ च्या नेहरू अहवालावरून जिनांपासून दूर झाले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, अमेरिकेत राजदूत, लंडनला उच्चायुक्त, केंद्रात शिक्षणमंत्री आणि नोव्हेंबर १९६६ ते सप्टेंबर १९६७ परराष्ट्रमंत्री. विद्यापीठांतून इंग्रजी घाईने हटवू नये, या मुद्द्यावर त्यांनी ते पद सोडले. भाषेसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस, तोही इंग्रजीसाठी! मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पचायला जड जाते, पण सत्तेला चिकटून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते, एवढे मान्य करायलाच हवे. आणीबाणीतही ते उघड बोलले.

आमचे खरे भांडण आहे ते १९६४ शी. त्या वर्षी सुरक्षा परिषदेत काश्मीरवर पाकिस्तानच्या बाजूने झुल्फिकार अली भुट्टो आणि भारताच्या बाजूने छागला उभे होते. सामीलनामा पूर्ण आहे, सार्वमताचा प्रश्न उरलेला नाही, ही भारताची भूमिका त्यांनी कसलेल्या वकिलासारखी मांडली. मुसलमान कौम म्हणजे वेगळे राष्ट्र, हा सिद्धांत खोडण्यासाठी भारतात राहिलेल्या कोट्यवधी मुसलमानांचा दाखला होता, आणि तो दाखला देणारा माणूसही मुसलमान होता. युक्तिवाद म्हणून हे बिनतोड आहे. पण त्यात आमची, म्हणजे इथल्या साध्या मुसलमानांची, जागा कोणती? पुराव्याची. न्यायालयात पुरावा दाखवला जातो. त्याला काय वाटते हे कुणी विचारत नाही. छागलांसारख्या मुरलेल्या न्यायाधीशाला हा फरक जाणवला असेलच, असे आम्हाला वाटत राहते. पुस्तकात मात्र आम्हाला वकील सापडतो, त्या वकिलाची रात्रीची घालमेल सापडत नाही. आत्मचरित्र म्हणून ही त्याची मोठी उणीव आहे, भाषा कितीही नितळ असो.

१९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले. भारत अरबांच्या बाजूने राहिला आणि ती बाजू संसदेत परराष्ट्रमंत्री म्हणून छागलांनी मांडली. काश्मीरसाठी त्यांना नावे ठेवणारे आमचे वडीलधारे पॅलेस्टाइनचा विषय निघाला की हे साल विसरतात. त्यांना देशभक्त मुसलमानाचा नमुना म्हणून मिरवणारेही ते विसरतात. डिसेंबर १९८० मध्ये मुंबईत भाजपच्या अधिवेशनाला जाऊन त्यांनी वाजपेयींचे कौतुक केले, तेवढे मात्र दोन्हीकडच्यांना पाठ असते.

अलीगढचे दुखणे याहून जुने. १९६५ च्या दुरुस्ती कायद्याने विद्यापीठाच्या कोर्टाचे अधिकार कापले गेले तेव्हा शिक्षणमंत्री छागलाच होते. हे विद्यापीठ मुस्लिम अल्पसंख्याकांनी स्थापलेले नाही, असे ते म्हणाले. १९६७ च्या अझीझ बाशा निकालात सर्वोच्च न्यायालयानेही जवळपास तेच म्हटले. तो निकाल ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी रद्दबातल ठरवला. विद्यापीठाच्या दर्जाचा प्रत्यक्ष निर्णय मात्र दुसऱ्या पीठाकडे सोपवला. ज्या भूमिकेसाठी समाजाने छागलांना माफ केले नाही, तिच्यावर न्यायालयाला सत्तावन्न वर्षांनीही एकमत करता आले नाही, ही गोष्ट त्यांना एका वाक्यात निकालात काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

आणि १९५१ चे काय? 'स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध नरसू अप्पा माळी' या खटल्याचा निकाल छागला आणि गजेंद्रगडकर यांनी दिला. खटला होता हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायद्याचा. व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लागत नाहीत, असे त्यात ठरले. पुढे हयातभर समान नागरी कायदा मागणाऱ्या छागलांनीच मुस्लिम पर्सनल लॉभोवतीची ही भिंत बांधली होती. पर्सनल लॉच्या बचावासाठी सभा घेणाऱ्यांच्या तोंडून हे नाव आम्ही तरी कधी ऐकले नाही.

९ फेब्रुवारी १९८१ ला छागला गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न होता दहन झाले. चार वर्षांपूर्वी हमीद दलवाईंचेही तसेच झाले होते. आमच्या बैठकीतला सर्वात मोठा अडसर हाच निघाला. काश्मीर, अलीगढ, भाजप या सगळ्यांवर वाद घालता येतो. ज्याच्या जनाज्याची नमाज झाली नाही त्याच्याबद्दल वाद तरी कशाला, असे एक चाचा म्हणाले. आम्ही म्हणालो, "चाचा, मातीत गेला की आगीत हे त्याचे आणि अल्लाहचे. पण त्याने संसदेत आणि परिषदेत जे केले ते आपल्या नावाने केले, त्याचा जाब विचारायचा हक्क आपण का सोडायचा?" चाचांना ते पटले नाही. जाताना त्यांनी पुस्तक मात्र मागून घेतले. इंग्रजी त्यांना जड जाते, म्हणून नातीकडून वाचून घेतात. सध्या ते जिनांच्या चेंबरपर्यंत आले आहेत.