ऑनलाइन भाषाशिक्षणाची सज्जता : एका मापनश्रेणीची खानदेशातून चिकित्सा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि भाषेचे तास भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. तेव्हापासून विद्यार्थ्यांची ‘ऑनलाइन सज्जता’ हा आपल्या सर्वेक्षणांचा नित्याचा विषय झाला आहे. त्यासाठी हुंग व सहकाऱ्यांनी २०१० साली तैवानमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आधारे सिद्ध केलेली मापनश्रेणी अनेकदा स्वीकारली जाते. संगणक व इंटरनेट वापरातील आत्मविश्वास, स्वयंनिर्देशित अध्ययन, अध्ययनावरील नियंत्रण, प्रेरणा आणि ऑनलाइन संप्रेषणातील आत्मविश्वास हे तिचे पाच घटक. श्रेणी काळजीपूर्वक रचलेली आहे, यात शंका नाही. मात्र ती भाषाविषयासाठी रचलेली नाही, आणि खानदेशात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

येथील अहिराणीभाषक विद्यार्थी घरी ‘डोया’ आणि ‘शे’ म्हणतो, वर्गात ‘डोळा’ आणि ‘आहे’. धडगावकडील पावरीभाषक विद्यार्थ्यासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते, इंग्रजी त्यानंतरची. एका भाषारूपातून दुसऱ्यात जाण्याचा हा वर्षानुवर्षांचा सराव भाषाशिक्षणाची मोठी पूर्वतयारी होय. प्रश्नावलीत तिला रकानाच नाही. उलट, चर्चेत इंग्रजीतून मत मांडण्यास कचरणारा हाच विद्यार्थी संप्रेषणात दुर्बळ ठरतो. वस्तुतः तेथे तंत्रज्ञानाविषयीचा संकोच आणि भाषेविषयीचा संकोच एकाच गुणांकात मिसळलेले असतात. (ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास देण्यात आले, त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची भाषाशक्ती अशा प्रश्नावलीत कोठे नोंदली गेली असती?)

हा केवळ पद्धतिशास्त्राचा वाद नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा देता येते. अशा वेळी सज्जतेचे सारे ओझे विद्यार्थ्यावर टाकून अभ्यासक्रमाची सज्जता मात्र न तपासणे अन्यायाचे आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या सूचनाही इंग्रजीतच असतील, तर दाराची किल्ली घरातच ठेवल्यासारखे होते. शिवाय ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान विद्यार्थ्याला ऐकवते. त्याचे ऐकून घेत नाही.

म्हणून आपल्या प्रश्नावल्यांत किमान तीन प्रश्न वाढवावेत, तेही मराठीतून विचारावेत : घरी कोणती बोली बोलता? शिकत असलेल्या भाषेतील वाक्य शेवटचे मोठ्याने कधी उच्चारले? ते कोणी ऐकले?