हसू कोणाचे, मरण कोणाचे?

दुःखाची थट्टा करू नये, असा एक संस्कार आपल्या समीक्षेत खोल रुजलेला आहे. करुण वेगळे, हास्य वेगळे. एकात दुसरे मिसळले की रसभंग झाला, असे मानले जाते. पण दुःख ज्यांच्या पाचवीला पुजलेले आहे, ती माणसे हसल्यावाचून जगूच शकत नाहीत. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. दुष्काळातल्या भुकेचे किस्से आमची म्हातारी माणसे हसतहसत सांगत, आणि ते हसू ऐकणाऱ्याच्या घशात अडकत असे. म्हणूनच युद्धावरच्या एका विनोदी मालिकेने माणसाला इतके का हलवावे, हा प्रश्न मला केवळ करमणुकीचा वाटत नाही.

ती मालिका म्हणजे अमेरिकेतील 'मॅश'. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे ती सी.बी.एस. वाहिनीवर चालली; माझ्या जन्मापूर्वीच ती संपली होती. रिचर्ड हूकर यांची १९६८ ची कादंबरी आणि रॉबर्ट ऑल्टमन यांचा १९७० चा चित्रपट यांच्यावरून लॅरी गेलबार्ट यांनी ती दूरचित्रवाणीसाठी रचली. स्थळ कोरिया, काळ १९५० ते १९५३ च्या युद्धाचा. आघाडीच्या मागे तंबूंत थाटलेले एक लष्करी रुग्णालय. तरुण डॉक्टर जखमी पोरांना शिवतात, बरे करतात आणि पुन्हा त्याच आघाडीवर पाठवतात. या वेडेपणावर उतारा म्हणून ते तंबूतच दारू गाळतात, खोड्या काढतात, वरिष्ठांची टर उडवतात. युद्ध तीन वर्षांचे आणि मालिका अकरा वर्षांची. नाव कोरियाचे असले तरी सुरुवातीच्या वर्षांत पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्हिएतनाम होते.

या मालिकेतील हसण्याचाही एक इतिहास आहे. विनोदी मालिका म्हटली की तिला ध्वनिमुद्रित हशा जोडलाच पाहिजे, असा वाहिनीचा आग्रह होता. कर्त्यांना तो नको होता. शेवटी तडजोड झाली: शस्त्रक्रियेच्या खोलीत कोणी हसणार नाही. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने तर ती हशाविनाच दाखवली. प्रेक्षकाने कोठे हसावे हे बाजार ठरवत होता, पण रक्ताच्या जागी मात्र त्याला गप्प बसवले गेले. 'मॅश'चे भावनिक सामर्थ्य या सीमारेषेवर आहे. हसणे चालू असते, दार उघडते, आणि आत गेल्यावर ते थांबते. विनोदाने दुःख झाकले जात नाही. ते किती जवळ आहे हेच कळते.

१८ मार्च १९७५ रोजी दाखवलेला भाग याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. रुग्णालयाचा प्रमुख हेन्री ब्लेक याची सुटका होते. निरोपाच्या थट्टामस्करीत तो घरी निघतो. शेवटच्या दृश्यात कारकून रडार शस्त्रक्रियेच्या खोलीत येऊन निरोप वाचतो: हेन्रीचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही. बहुतेक नटांनाही हे पान अखेरच्या क्षणी देण्यात आले होते. डॉक्टरांचे हात थांबत नाहीत, कारण टेबलावरचा जखमी थांबू शकत नाही. अनेक प्रेक्षकांनी रागाची पत्रे लिहिली. विनोदी मालिकेत आपला माणूस मरत नाही, हा अलिखित करार मोडला होता.

येथे मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्याच टेबलांवर तीन वर्षे दर आठवड्याला निनावी पोरे येत होती. त्यांच्यासाठी कोणाला राग आला? ज्याला नाव आहे, ज्याच्या विनोदावर आपण हसलो, त्याच्याच मरणाला आपण रडतो. हे अश्रू खोटे नाहीत, पण ते निर्दोष माणसाचे अश्रू आहेत. रडून झाल्यावर रडणाऱ्याकडे कोणी काही मागत नाही. अस्पृश्याविषयी कळवळणाऱ्या पांढरपेशा साहित्यातली करुणाही याच जातीची होती.

१९७३ च्या एका भागात एक गोरा सैनिक काळ्या माणसाचे रक्त नको म्हणतो. डॉक्टर तो झोपेत असताना त्याच्या कातडीला आयोडीन फासून त्याला सावळा करतात. मग त्याला डॉ. चार्ल्स ड्रू यांची गोष्ट सांगतात: रक्तद्रव साठवण्याच्या कामात अग्रणी असलेला हा काळा डॉक्टर अपघातानंतर मेला, कारण गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्याला आत घेतले नाही. गोष्ट काळजाला भिडते, पण ती खरी नाही. १ एप्रिल १९५० रोजी नॉर्थ कॅरोलायनात ड्रू यांचा अपघात झाला, तेव्हा गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याची धडपड केली होती. खरी गोष्ट वेगळी आणि अधिक भयंकर आहे. १९४१ मध्ये ज्या रेड क्रॉसच्या रक्तपेढीचे काम ड्रू यांनी उभारले, त्याच संस्थेने आधी काळ्यांचे रक्त नाकारले, नंतर घेतले ते वेगळी चिठ्ठी लावून. हा विटाळ १९५० पर्यंत चालला. त्यात कोणी एक खलनायक नव्हता. नियम होता, नोंदवही होती, सभ्य माणसांची संमती होती. दंतकथेने रडवता येते, पण दोष एका दुष्ट दारवानावर जातो आणि व्यवस्था सुटते. विटाळाचा अर्थ ज्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही, त्यांनी हा फरक विसरता कामा नये.

मालिकेच्या घरातही हेच होते. पहिल्या पर्वात एक काळा शल्यविशारद होता. काही भागांनंतर तो नाहीसा झाला. काळ्या सैनिकांना मुद्दाम धोक्याच्या कामावर धाडणाऱ्या अधिकाऱ्याची गोष्ट १९८२ मध्ये आली, पण ते सैनिक पाहुणे म्हणून आले आणि गेले.

तरीही या मालिकेला मी मोठी मानतो, ती तिच्या अखेरच्या भागामुळे. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी सुमारे साडेदहा कोटी अमेरिकनांनी तो पाहिला. विनोदाचा राजा डॉ. हॉकआय पिअर्स मनोरुग्णालयात आहे. त्याला एक बस आठवते. शत्रूची गस्त जवळ असते, सर्वांनी गप्प राहायचे असते, आणि एका कोरियन बाईजवळची कोंबडी आवाज करत असते. तिला गप्प कर, असे तो त्या बाईवर खेकसतो. ती कोंबडीचा जीव घेते. मग हळूहळू स्मृतीवरचे आवरण सुटते. ती कोंबडी नव्हती. तिचे मूल होते.

अकरा वर्षे लोकांना हसवणाऱ्या सज्जन माणसाच्या तोंडी कर्त्यांनी हे वाक्य दिले. येथे रडणारा निर्दोष नाही. त्याचा जीव वाचावा म्हणून दुसऱ्या कोणाचे मूल गेले आहे, आणि त्याच्या मनाने त्या मुलाची कोंबडी करून टाकली आहे. माणसाला जनावर केल्यावाचून सुखाने जगता येत नाही, ही युक्ती आपल्याला नवी नाही. शतकानुशतके तीच आपल्यावर वापरली गेली.

माझा आक्षेप एवढाच की त्या आईला नाव नाही. मूल तिचे आणि उपचार डॉक्टरवर. या युद्धात मेलेल्या कोरियन नागरिकांची गणती लाखांत करावी लागते. त्यांच्या बाजूने ही बस कशी दिसली असती? उत्तराची एक चाहूल त्याच भागात आहे. सून-ली ही कोरियन तरुणी हरवलेले आईबाप सापडेपर्यंत देश सोडायला नकार देते, आणि सैन्यातून सुटण्यासाठी वर्षानुवर्षे बायकी कपडे घालणारा क्लिंगर तिच्यासाठी मागे राहतो. कोरियन माणसाच्या नकाराने अमेरिकन माणसाचा रस्ता बदलतो. नकाराची ही ताकद आपण ओळखतो.

एखादी कलाकृती किती रडवते, हे मोजून समीक्षा संपत नाही. रडणाऱ्याला ती कोठे उभे करते, टेबलाजवळ की बसमध्ये, हे पाहावे लागते. ही मालिका आपल्या अभ्यासमंडळांत जरूर दाखवावी. विद्यार्थी हसतील, मग गप्प होतील. शिक्षकाचे काम त्या गप्प होण्यापासून सुरू होते: त्यांना विचारावे की त्या बाईचे नाव काय असेल, आणि ती हीच गोष्ट कोठून सांगायला सुरुवात करील.