स्पर्धेचे घराणे आणि चाहत्याची निष्ठा

१९९५ साली झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले, तेव्हा निवाडा जाणकारांच्या हाती होता. २००७ च्या ‘सारेगमप चॅलेंज’पर्यंत प्रेक्षकांच्या मोबाइल संदेशांना निर्णायक वजन आले. परदेशांतील गायकही त्यात उतरले. स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली, पण पुष्कळ चाहत्यांनी गाण्यापेक्षा ‘आपला’ टिकला की नाही याचीच नोंद ठेवली.

त्या पर्वात मार्गदर्शक संगीतकारांच्या संघांना ‘घराणे’ म्हटले गेले. त्यांपैकी इस्माईल दरबार मूळचे सुरतेचे, त्यामुळे येथील कुतूहल स्वाभाविक होते. मात्र शब्दाची ही उसनवारी खटकते. भडोचच्या ओंकारनाथ ठाकुरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांपाशी वर्षानुवर्षे ग्वाल्हेरची तालीम घेतली. शिष्य गुजराती, गुरू मराठी. दोघांना बांधणारी होती ती गायकी. काही महिन्यांच्या संघात ती कोठून यावी?

तरीही या स्पर्धेचे एक श्रेय मान्य करावे लागते. १३ ऑक्टोबर २००७ रोजी अनीक धर विजयी झाला. पण राजा हसनबरोबर पाकिस्तानचा अमानत अलीही अंतिम तिघांत होता. सीमेपलीकडचा गळाही श्रोत्यांना आपला वाटू शकला. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहून मराठी जपणाऱ्या आपणांस ‘आपला’ या शब्दाची ही व्याप्ती परकी नाही. चाहत्याने पक्ष जरूर घ्यावा. मात्र त्या पक्षाचे कारण गाण्यातच दाखवावे, गावाच्या नावात नव्हे.